गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने खडकावर शहर वसवलं, त्याच्या नहरीत आजच्या नेटवर्कचं गणित सापडतं

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला एक प्रश्न जरा जपूनच विचारावा. तुमच्याकडे पाणी कितव्या दिवशी येतं?

उत्तर द्यायला तो सुरुवात करतो आणि अर्ध्या तासाने थांबतो. व्हॉल्व्हमन, टँकर, सोसायटीची टाकी, रात्री दोनला लावलेली मोटर, सगळं त्यात येतं. पैठणला जायकवाडीचं नाथसागर भरलेलं असतं, तरी शहरातला नळ कोरडाच. म्हणजे अडचण नुसत्या पाण्याची नाही, अडचण वाटपाची आहे.

एका जागचं पाणी हजार घरांत न्यायचं. वाटेत गळायला नको, तुंबायला नको, आणि शेवटच्या घरालाही मिळायला हवं.

हेच कोडं याच शहरात चारशे वर्षांपूर्वी एका माणसासमोर होतं. तेव्हा वीज नव्हती, पंप नव्हता, लोखंडी पाइप नव्हते. त्याने ते सोडवलं.

आणि गंमत म्हणजे, आज मोठ्या कंपन्यांत नेटवर्क सांभाळणारी पोरं जेव्हा मल्टिकास्ट नावाच्या प्रकाराशी झगडत असतात, तेव्हा तीही याच कोड्याच्या एका रूपाशी झगडत असतात.

त्या माणसाचं नाव मलिक अंबर.

बाजारात विकला गेलेला पोरगा

साधारण १५४८ साली इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याचं मूळ नाव चापू होतं असं सांगितलं जातं. तो गुलामांच्या बाजारात कसा पोहोचला याबद्दल दोन गोष्टी आहेत. काही म्हणतात गरिबीपायी आईबापांनीच विकला, काही म्हणतात लढाईत पकडला गेला.

तांबड्या समुद्राकाठचं मोखा, मग बगदाद, असा तो हातोहात विकला गेला. बगदादला मीर कासिम नावाच्या मालकाकडे त्याचं नशीब थोडं पालटलं. पोरगं हुशार आहे हे त्या मालकाने ओळखलं, त्याला लिहायला-वाचायला आणि हिशोब ठेवायला शिकवलं. अंबर हे नाव तिथलंच.

त्यानंतर तो दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीत तेव्हा चंगेजखान नावाचा पेशवा होता. हा चंगेजखान स्वतःसुद्धा हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला आणि गुलामीतून वर चढलेला. दख्खनमध्ये त्या काळी हे शक्य होतं. विकत घेतलेला हबशी हुशारीच्या जोरावर सरदार होऊ शकत होता.

चंगेजखानाच्या हाताखाली अंबर कारभार शिकला. फौज कशी उभी करायची, महसूल कसा गोळा करायचा, दरबारात कोणावर किती भरवसा टाकायचा. १५७४-७५ च्या सुमाराला चंगेजखान गेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं.

आता तो कोणाचाच गुलाम नव्हता, पण कोणाचा आधारही नव्हता. पुढची बरीच वर्षं त्याने मिळेल तिथे चाकरी केली. विजापूरच्या आदिलशाहीत गेला, तिथे त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमाराला शे-दीडशे घोडेस्वार घेऊन तो पुन्हा निजामशाहीत परतला.

तेव्हा निजामशाहीचे शेवटचे दिवस मोजले जात होते. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या हाती पडला. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. कागदावर राज्य संपलं.

अंबरने ते संपू दिलं नाही. त्याने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून त्याला परांड्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. हाच दुसरा मुर्तझा निजामशाह. नावाला सुलतान तो, कारभार सगळा मलिक अंबरचा.

राजधानी हवी, पण कुठे?

पुढची पंचवीस वर्षं त्याने मुघलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. समोरासमोर मोठी लढाई शक्यतो टाळायची. रसद तोडायची, रात्री छापा मारायचा आणि डोंगरात नाहीसं व्हायचं. या गनिमी काव्यात त्याच्यासोबत मराठा घोडदळ होतं, त्यात भोसल्यांचं घराणंही होतं. शहाजीराजांची उमेदीची वर्षं याच निजामशाहीत गेली. १६१० च्या सुमाराला हिंदुस्थानात आलेल्या विल्यम फिंच या इंग्रजाच्या नोंदीत अंबरकडे १० हजार हबशी आणि ४० हजार दख्खनी सैन्य असल्याचा आकडा आहे.

एवढी फौज आणि एवढा कारभार सतत पाठीवर घेऊन फिरता येत नाही. परांडा झालं, जुन्नर झालं. आता पक्कं ठिकाण पाहिजे होतं.

१६१० मध्ये त्याने दौलताबादच्या किल्ल्याजवळचं खडकी नावाचं गाव निवडलं. नावातच खडक. जागा मोक्याची होती, बळकट किल्ला शेजारी होता, मोठ्या वाटा जवळून जात होत्या. फक्त एक गोष्ट नव्हती. पाणी.

खाम नदी आहे, पण ती लहान. तिच्या भरवशावर गाव जगेल, राजधानी नाही. खाली काळा पाषाण, विहीर खणायची तर जीव जातो. आणि दख्खनचा पाऊस तेव्हाही आजच्यासारखाच लहरी होता.

आता अंबरने काय काय पाहिलं होतं ते लक्षात घ्या. त्याचं तरुणपण बगदादच्या मुलखातून गेलं होतं. त्या सगळ्या टापूत जमिनीखालून पाणी आणायची विद्या फार जुनी. अहमदनगरला तर निजामशाहीने खापरी नळ टाकून बाहेरच्या गावांहून शहरात पाणी खेळवलं होतं. दौलताबादलाही मोठे हौद आणि नळ होते. म्हणजे विद्या नवी नव्हती. ती एका कोऱ्या खडकावर, अख्ख्या शहरासाठी मांडायची हिंमत नवी होती.

नहर कशी चालायची?

शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत. पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि जमिनीखालून हळूहळू उताराकडे सरकतं. अंबरच्या लोकांनी हे सरकणारं पाणी जमिनीखालीच गाठलं.

माणूस आत उतरून चालू शकेल असं भुयार काढलं. त्याच्या अंगातून पाझर आत येत राहायचे. एका झऱ्यावर काम अवलंबून नव्हतं, वाटेतले अनेक पाझर मिळून धार मोठी व्हायची. एक पाझर आटला तरी बाकीचे चालू.

भुयाराला उतार दिलेला. फार दिला तर पाणी जोरात येऊन बांधकाम खातं, कमी दिला तर गाळ बसतो. मधलं माप धरावं लागतं, आणि ते मैलभर लांब भुयारात टिकवावं लागतं. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं ठेवली. त्यातून हवा आत जायची आणि माणूस उतरून गाळ काढू शकायचा.

शहराजवळ आल्यावर पाणी मातीच्या नळांत शिरायचं. नळ चुन्यात आणि दगडात पक्के बसवलेले. आणि मधे मधे उभे केलेले दगडी मनोरे.

हे मनोरे म्हणजे या सगळ्याचा जीव. पाणी बंद नळात एका बाजूने खाली उतरलं की दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत आपोआप चढतं. मनोऱ्यात ते वर चढायचं, नळात अडकलेली हवा सोडून द्यायचं, दाब कमी करायचं आणि पुढच्या नळांत वाटलं जायचं. हवा अडकली तर धार तुटते. दाब वाढला तर मातीचा नळ फुटतो. मनोरा दोन्ही संकटं टाळतो.

तिथून पुढे फाटे. एक मशिदीच्या हौदाकडे, एक सरायीकडे, एक वाड्याकडे, एक भर चौकातल्या हौदाकडे, जिथे कोणीही घागर भरावी.

हे काम पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत झालं असं सांगितलं जातं. आज तिला नहर-ए-अंबरी म्हणतात.

गंमत पाहा. याच सुमाराला, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपूरला मुघल सरदार अब्दुर्रहीम खान-इ-खाना जमिनीखालून पाणी आणत होता. तोच आज प्रसिद्ध असलेला कुंडी भंडारा. हा खान-इ-खाना म्हणजे दख्खनमधला अंबरचा शत्रू. रणात एकमेकांवर तलवारी, आणि घरी दोघांचाही एकच उद्योग.

आता जरा ऑफिसात येऊ

समजा वाळूज किंवा शेंद्रा एमआयडीसीतली एक मोठी कंपनी आहे. साहेब मुख्य कार्यालयातून लाइव्ह बोलणार आहेत आणि ५०० जण आपापल्या कॉम्प्युटरवर बघणार आहेत. एका व्हिडिओला सेकंदाला ४ मेगाबिट लागतात असं धरू.

सरळ पद्धतीत सर्व्हर प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतो. ५०० गुणिले ४, म्हणजे २००० मेगाबिट. सर्व्हरची वायर हजार मेगाबिटची असेल तर साहेब तिथेच गोठले.

मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकच प्रत सोडतो. ४ मेगाबिट. ती मुख्य वायरीतून एकदाच जाते आणि जिथे फाटा फुटतो तिथेच राउटर किंवा स्विच तिची दुसरी प्रत काढतो. ५०० च्या जागी ५००० लोक बसले तरी सर्व्हरवरचा भार तेवढाच. स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना इंटरनेटच्या भाषेत बसवली आणि १९८९ मध्ये तिचे नियम लिहिले गेले. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते त्यासाठीच राखून ठेवलेत.

घरोघर वेगळी नहर खणायची नाही. एकच आणायची आणि शेवटच्या चौकात फाटे फोडायचे.

एक फरक मात्र आहे. पाणी वाटलं की कमी होतं, माहिती वाटली की कमी होत नाही. अंबरला मोजून वाटावं लागत होतं, नेटवर्कवाल्याला तो घोर नाही. त्याचा घोर दुसरा आहे. हे पोहोचलं की नाही, कळणार कसं?

कारण मल्टिकास्टमध्ये पोच मिळत नाही. साध्या फाइल डाउनलोडमध्ये दोन्ही बाजू एकमेकांना मिळालं, मिळालं असं सांगत असतात. इथे पाठवणारा सोडून देतो. वाटेत एखादा तुकडा गळाला तर त्याला पत्ताही नसतो. म्हणून भरवशाचं मल्टिकास्ट हवं असेल तर ते मुद्दाम रचावं लागतं, आणि रचनेतले मुद्दे नहरीशेजारी ठेवले की चटकन कळतात.

पहिला मुद्दा, ज्याने मागितलं त्यालाच द्यायचं. स्विचला कोणाला हवंय हे कळलं नाही तर तो सगळीकडे ओततो आणि ज्याला नको त्याचंही नेटवर्क तुंबतं. म्हणून आयजीएमपी स्नूपिंग चालू ठेवतात. पण त्यासाठी अधूनमधून अजून कोणाला हवंय का असं विचारणारं एक यंत्र लागतं, त्याला क्वेरियर म्हणतात. ते ठेवायला विसरलात तर व्हिडिओ सुरू होतो आणि काही मिनिटांनी गुपचूप बंद पडतो. फेरी न मारणाऱ्या व्हॉल्व्हमनसारखं आहे हे.

दुसरा मुद्दा, प्रवाह उलटा फिरता कामा नये. पाण्याला उतार असतो, ते मागे येत नाही. माहितीला उतार नसतो, ती गोल गोल फिरून नेटवर्क बुडवू शकते. म्हणून राउटर प्रत्येक तुकड्याला तपासतो की हा उगमाच्याच दिशेने आलाय का. नसेल तर टाकून देतो. हा झाला कृत्रिम उतार.

तिसरा मुद्दा, भेटीची जागा एकच ठेवायची नाही. पाठवणारा आणि मागणारे एका ठरलेल्या राउटरवर जोडले जातात. तो एकच असेल आणि पडला तर नवे जोडच जमत नाहीत. म्हणून दोन ठेवतात. अंबरच्या भुयारात अनेक पाझर होते, त्यामागचा विचार हाच.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, गळती ओळखायची. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालतात. ४१ नंतर एकदम ४३ आला की घेणाऱ्याला कळतं, ४२ गळाला. मग तो तेवढाच परत मागतो. शेअर बाजाराचे भाव ब्रोकरकडे मल्टिकास्टने जातात तेव्हा हे क्रमांक फार मोलाचे असतात. पण ५०० जणांनी एकाच क्षणी ४२ मागितला तर त्या ओरड्यानेच नेटवर्क बसतं. म्हणून प्रत्येकाने थोडं थांबायचं, आणि दुसऱ्याने आधीच मागितलं असेल तर आपण गप्प बसायचं.

पाचवा मुद्दा, दाब सांभाळायचा. सगळ्यात कमजोर घेणारा जेवढं झेलू शकतो त्याचा विचार करून वेग ठरवायचा. ऑफिसच्या वायफायवर हे फार जाणवतं, कारण तिथे मल्टिकास्ट हळू वेगाने आणि पोच न घेता जातं. म्हणून बरेच अॅक्सेस पॉइंट शेवटच्या टप्प्यात त्याच्या वेगळ्या प्रती करून देतात. मनोऱ्यावर दाब उतरवून पुढे नळ काढायचे, तसंच.

आणि सहावा, उतरून बघायला तोंडं ठेवायची. जे नेटवर्क तपासता येत नाही, ते बिघडल्यावर दुरुस्तही करता येत नाही.

जाळलं तरी शहर संपलं नाही

परत अंबरकडे येऊ, कारण त्याच्यासमोर भरवशाची खरी परीक्षा आली.

१६१६ मध्ये रोशनगावला मुघलांनी त्याचा पराभव केला आणि खडकीत शिरून शहराची नासधूस केली. नंतर शहाजहान, म्हणजे तेव्हाचा शहजादा खुर्रम, दख्खनवर आला. १६२१ मध्ये खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली. माणसाने दहा वर्षं उभं केलेलं दोनदा मातीत गेलं.

बादशहा जहांगीरचा त्याच्यावर इतका राग होता की आत्मचरित्रात तो अंबरचं नाव शिवी घातल्याशिवाय घेत नाही. अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्रही काढून घेतलं. त्यात जहांगीर अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही.

उलट १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एकदम हरवलं. तिथेही हत्यार पाणीच होतं. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मग छापे घातले, असं सांगतात. याच लढाईत शहाजीराजांचे भाऊ शरीफजी कामी आले. शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे आणि त्यात अंबरचा उल्लेख आदराने येतो.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर वारला. जहांगीरच्या पदरी असलेल्या मुतमदखानालाही तो गेल्यावर त्याच्या कर्तबगारीची वाखाणणी करावीशी वाटली. खुलताबादला त्याची कबर आहे.

तो गेल्यावर दहा वर्षांत निजामशाही बुडाली. मुलगा फत्तेखानाच्या नावावरून शहर फत्तेनगर झालं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहराचं नाव औरंगाबाद झालं. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झालं.

नावं बदलली, राज्यं बदलली, नहर राहिली. घरं जाळता येतात, जमिनीखालचं पाणी जाळता येत नाही. औरंगजेबाच्या काळात शहर फुगलं तेव्हा तेही नहरीच्या पाण्यावर. पुढे इतर नहरी झाल्या, पाणचक्की झाली. आज पाणचक्कीच्या हौदात उंचावरून धार पडताना बघून आपण सेल्फी काढतो. तिच्यामागेही तेच मातीच्या नळांचं, दाबाचं आणि मनोऱ्याचं शास्त्र आहे.

मग बिघडलं कुठे?

नहर कोणा शत्रूने बंद पाडली नाही. ती आपण विसरलो.

नळाचं पाणी आलं, मग जायकवाडी आलं. भुयाराच्या तोंडावर घरं झाली, कुठे रस्ता आला, कुठे सांडपाणी शिरलं. जी तोंडं उतरून गाळ काढायला ठेवली होती तीच बुजली. काही भागांत पाणी आजही वाहतं, पण ते शहराच्या हिशोबात नाही.

नेटवर्कवाल्या पोरांना हे लगेच कळेल. एखादी रचना वर्षानुवर्षं न बोलता चालते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. ज्याने रचली तो नोकरी सोडून जातो, आराखडा कोणाकडेच नसतो. मग एक दिवस एक स्विच बदलला जातो आणि सगळं थांबतं.

पाण्याचं असो की माहितीचं, वाटपाची परीक्षा उगमापाशी होत नाही. धरण किती भरलं, सर्व्हर किती भारी आहे, याला तसा अर्थ नाही. परीक्षा होते ती शेवटच्या तोटीवर. तिथे उभ्या असलेल्या बाईची घागर भरली का, एवढाच प्रश्न असतो.

ज्याला लहानपणी बाजारात विकलं होतं, त्या माणसाने राजधानी बांधताना भर चौकात हौद ठेवला. पुढच्या वेळी पाणचक्कीला गेलात तर धारेचा फोटो काढाच, पण हे पाणी नेमकं कुठून येतंय तेही एकदा विचारून बघा.